जोडेघाटची तिथी



आदिलाबादच्या डोंगरांतल्या जोडेघाटला १९४० मध्ये गोळीबारात मारल्या गेलेल्या कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याची पुण्यतिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. अश्विन पौर्णिमा, म्हणजे आपली कोजागिरी, ज्या दिवशी पडेल त्या दिवशी केरामेरीच्या डोंगरातली गावे तिथे जमतात. कधी ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात असते, कधी महिन्याच्या अखेरीस. छापील मजकुरात मात्र तारीख लागते. कुणी ८ ऑक्टोबर १९४० लिहितो, कुणी २७ ऑक्टोबर. अलीकडे मोबाईलवर येणारी अभिवादने तर एकाच माणसाला एकाच महिन्यात दोनदा वाहिली जातात.

या तारखा पंचांगाशी ताडून पाहता येतात. १ ऑक्टोबर १९४० या दिवशी अमावास्या होती. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणही झाले. आपल्याकडे ते दिसले नाही, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत दिसले. तिथून पंधरा दिवस मोजले की अश्विन पौर्णिमा १५-१६ ऑक्टोबरला येते. ८ ऑक्टोबरला आकाशात जेमतेम अर्धा चंद्र होता. २७ ऑक्टोबरला वद्य पक्ष सरत आला होता, चंद्र पहाटेकडे उगवायचा. म्हणजे पुस्तकातली कुठलीही तारीख घेतली तरी ती डोंगरातल्या लोकांच्या रात्रीशी जुळत नाही. त्या भागातल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, तर ते म्हणाले, “तारीख काय सांगू बापा, चांदणं होतं, लख्ख. आमच्या बापानं तेच सांगितलं.”

पौर्णिमा खरी आणि तारखा खोट्या, असा निकाल देऊन मी मोकळा होणार नाही. डोंगरातल्या गावांना एकत्र यायचे तर पौर्णिमा सोयीची. रात्री परतताना उजेड असतो. तेव्हा स्मरणाचा दिवस पौर्णिमेला धरला गेला आणि मग मरणाची रात्रही पौर्णिमेकडे सरकली, हेही घडू शकते. पण हा संशय जसा आठवणीबद्दल घ्यायचा तसा तारखेबद्दलही घ्यायला हवा. २०१४ साली अश्विन पौर्णिमा नेमकी ८ ऑक्टोबरला आली होती. नवे तेलंगण राज्य होऊन चार महिने झाले होते आणि मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव त्या दिवशी जोडेघाटला गेले. सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली. फिरती तिथी एका वर्षी तारीख होऊन ठळक अक्षरांत छापली गेली की पुढच्या वर्षी ती कायमची वाटायला लागते. कागदही असा सरकतो. फक्त त्याचे सरकणे आपल्याला दिसत नाही.

मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर आपल्याकडे पिढ्या भांडल्या. जन्माचे वर्ष कोणते, यावर त्याहून मोठा वाद झाला, आणि त्यात निर्णायक ठरली ती कारीच्या जेधे घराण्याने जपलेली शकावली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. एका देशमुख घराण्याने आपल्या घरासाठी ठेवलेली ही टिपणे होती. राजवाड्यांनी बखरींवर कितीही कोरडे ओढले तरी आपला इतिहास अशा घरगुती स्मरणाच्या खांद्यावरच उभा राहिला. फरक इतकाच की जेध्यांच्या घरी लिहिणारा होता. कुमराम भीमाच्या घरी लिहिणारा नव्हता, म्हणून त्याच्या लोकांचे स्मरण आपण ‘दंतकथा’ या खणात टाकले.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी सारी हयात या जिल्ह्यातल्या मराठी शाळांत घालवली. त्यांच्या नावाने बोलायला उभा राहताना मला याच जिल्ह्याबद्दल, आणि एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. आठवण म्हणजे इतिहासकाराने उचलून न्यावा असा कच्चा माल, ही समजूत मला मान्य नाही. आठवणीला स्वतःची कालगणना असते, स्वतःचे राखणदार असतात, पडताळणीची स्वतःची रीत असते. मजकूर तेवढा घेतला आणि ही रीत मागे टाकली, तर हाती आलेले अर्धेच असते. आणि आदिलाबादइतके हे स्पष्ट दाखवणारा दुसरा मुलूख मला ठाऊक नाही.

आधी कागदाकडे पाहू. १९४० साली हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. दप्तर उर्दू, साल फसली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नवे फसली साल लागे, म्हणजे जोडेघाटची घटना दोन सालांच्या सांध्यावरच येते. डोंगरातला गोंड चंद्रावर दिवस मोजत होता, कचेरी फसलीवर आणि नंतरचा अभ्यासक इसवी सनावर. जंगल राखीव झाले, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी वनखात्याच्या रेघेआड गेल्या, वस्त्या उठवल्या गेल्या, गुरे चारायला कर, लाकडाला दंड. भीम आणि त्याच्या बारा गावांनी मागितले ते आपल्या जमिनीवर आणि जंगलावर आपला ताबा. कचेरीच्या भाषेत याचे एकच नाव होते: कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. गोळी झाडणाऱ्यांनीच त्या रात्रीचे टिपण लिहिले. ज्यांच्यावर गोळी झाडली ते पळाले, लपले, आणि वर्षानुवर्षे मोठ्याने बोलले नाहीत.

मग सरकारलाच प्रश्न पडला की ही माणसे एवढी का चिडली. याचे उत्तर शोधायला निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. महायुद्ध पेटले तेव्हा तो भारतात होता, जर्मन पारपत्रामुळे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुदेशाचा नागरिक ठरला होता आणि त्याला हैदराबाद संस्थानातच राहावे लागले होते. शत्रू म्हणून अडकवलेला हा माणूस गोंडांचा सर्वांत विश्वासू लेखक झाला. तो आणि त्याची पत्नी बेटी मार्लवाईत गोंडांसारख्याच घरात राहिले. ‘राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे त्याचे पुस्तक १९४८ चे. त्याच्या अहवालांच्या आधारे हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले आणि १३५६ फसलीत आदिवासी क्षेत्रांसाठी वेगळा कायदा झाला. १९८७ च्या जानेवारीत बेटीबाई हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईत आहे, आणि ११ जानेवारीला गाव आजही या दांपत्याचे स्मरण करते.

हायमेनडॉर्फ आल्याने या भागाच्या आठवणीचे एक विलक्षण चक्र सुरू झाले. त्याने वृद्धांना विचारले, लिहून घेतले, छापले. तीस-चाळीस वर्षांनी शिकलेली गोंड मुले तेच पुस्तक वाचून आपल्या आज्यांना त्यांच्याच रीतिरिवाजांबद्दल सांगू लागली. आज एखाद्या गावात कुणी जुने काही सांगतो तेव्हा ते आजोबांकडून आले की आजोबांनी हायमेनडॉर्फला सांगून, छापून, पुन्हा गावात परत आले, हे ओळखणे अवघड झाले आहे. मला यात तक्रारीचे काही दिसत नाही. आठवण आणि नोंद यांच्यात भिंत आहे असे समजणाऱ्यांनी मात्र मार्लवाईला एकदा जाऊन यावे.

आता आठवणीच्या राखणदारांकडे येतो, कारण माझ्या मते विषयाचा गाभा तिथे आहे.

गोंडांचा इतिहास गोंड स्वतः गात नाहीत. तो परधान गातो. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गोंडांचे सगे, आणि प्रत्येक सग्याच्या कुळांना आपापले परधान. पेर्सा पेनच्या, म्हणजे कुळदेवाच्या, पूजेला, लग्नाला, मर्तिकाला परधान येतो, किकरी लावतो आणि त्या कुळाची उत्पत्ती, स्थलांतर, लढाया, देव कसा मिळाला, कुठे हरवला, ते सारे गातो. त्याबद्दल त्याला कुळाकडून दान मिळते. ते त्याच्या हक्काचे आहे. आणि या आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा कोणती? मराठी. गाणे गोंडीत, घरी बोलणे मराठीत. हायमेनडॉर्फनेही हे नोंदवले आहे. एका समाजाची सारी वंशावळ, सारे पुराण ज्यांनी शतकानुशतके जिभेवर तोलून धरले ती माणसे चुलीपाशी आपलीच भाषा बोलतात, हे किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? आपल्या वाङ्मयेतिहासात त्यांच्यासाठी एक परिच्छेदसुद्धा नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उतनूरच्या बाजूला अशा एका गायनाला मी बसलो आहे. किकरी तीन तारांची, घोड्याच्या केसांच्या धनुकलीने वाजवायची. मुख्य गायक एक ओळ उचलतो, मागचे दोघे ती धरतात, मग तो थांबून गद्यात कथा पुढे नेतो आणि पुन्हा तारांवर येतो. कथा ऐन भरात असताना कुळाच्या पूर्वजांची नावे आली. गायकाने एक नाव घेतले. समोर बसलेल्या यजमानांपैकी एका म्हाताऱ्याने मान हलवली नाही. किकरी थांबली. दोघांत गोंडीत चार वाक्ये झाली, तिसऱ्याने काही सांगितले, आतल्या खोलीतून एका बाईचा आवाज आला. गायकाने ते नाव सोडून दुसरे घेतले, म्हाताऱ्याने मान हलवली, आणि किकरी जिथे थांबली होती तिथूनच उठली. हे सारे दोन मिनिटांत झाले असेल. माझ्या शेजारच्या परधान तरुणाने मला हळूच मराठीत समजावले की मघाचे नाव धाकट्या पातीचे होते, ही पूजा थोरल्या पातीची आहे.

मौखिक परंपरा म्हणजे ज्याला जे आठवेल ते सांगावे, अशी आपली कल्पना असते. इथे तर प्रत्येक नावाला साक्षीदार समोर बसलेले असतात. गायक चुकला तर त्याचे दान आणि त्याची पत दोन्ही जातात. पाठ घोटून घ्यायला बाप असतो, तपासायला सगळे कुळ असते आणि दुरुस्ती चारचौघांत होते. पुराभिलेखागारातल्या कागदाला इतक्या डोळ्यांखालून क्वचितच जावे लागते. एकच अट आहे: गायला जागा हवी. पूजा झाली नाही, यजमान शहरात गेला, लाऊडस्पीकरवर सिनेमाची गाणी लागली, की परधानाच्या पोटात असलेला इतिहास पोटातच राहतो. लिहिलेला कागद वाळवीपासून जपला तरी पुरते. गायलेला इतिहास विचारणारा असेल तोवरच असतो.

केसलापूरची नागोबाची जत्रा हे याचे मोठे रूप. मेस्राम कुळ पौष महिन्यात पायी निघून गोदावरीचे पाणी आणते आणि अमावास्येच्या रात्री महापूजा होते. कुळात नव्या आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात, म्हणजे कुळाच्या स्मरणात त्यांची नोंद होते. त्याच जत्रेत चाळीसच्या दशकात हायमेनडॉर्फच्या पुढाकाराने दरबार भरू लागला. अधिकारी येऊन बसतात आणि लोक गाऱ्हाणी सांगतात. म्हणजे एकाच पालात एका बाजूला कुळ आपले स्मरण पाणी घालून ताजे करते आणि दुसऱ्या बाजूला सरकार ते अर्जात लिहून घेते.

मराठी माणसाचा या कहाणीत आणखी एक धागा आहे आणि तो आपण जवळपास विसरलो आहोत. १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षक घडवण्याचे केंद्र निघाले. तिथली वाचनपुस्तके गोंडी भाषेत होती आणि लिपी देवनागरी. इथल्या शिकलेल्या थोड्या गोंडांना मराठी येत होते, म्हणून देवनागरी सोयीची ठरली. त्याच दशकात हैदराबादच्या सेवेत असलेले सेतुमाधवराव पगडी आदिलाबादच्या गोंडांत वावरले, त्यांची भाषा शिकले, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक १९४९ मध्ये काढले. महाराष्ट्र पगडींना ओळखतो तो फारसी साधनांचा जाणकार, मोगल-मराठा कागदपत्रांचा अनुवादक म्हणून. ज्या माणसाने औरंगजेबाच्या दरबारी बातमीपत्रांतून शिवकाल वाचला, त्यानेच केरामेरी-उतनूरच्या डोंगरांत बसून ज्यांच्याकडे कागदच नाही अशांची भाषा अक्षर-अक्षर लिहून घेतली. पगडींच्या चरित्रातली ही पाने आपण बाजूची मानतो. मला ती मध्यावरची वाटतात. फारसी कागद आणि गोंडी जीभ यांना त्यांनी सारख्याच कष्टाने वाचले.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांत झाले. किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी बाजूला गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात. कुळे तीच राहिली, देव तेच राहिले, फक्त नव्या सीमेच्या दोन बाजूंच्या शाळा वेगळ्या झाल्या. एका घरात मला एक वही दाखवण्यात आली. दोरीने बांधलेली, पुठ्ठ्याला तेलाचे डाग. आजोबांनी मार्लवाईच्या शाळेत शिकलेल्या देवनागरीत कुळाची गाणी गोंडीत उतरवलेली होती. जिथे गोंडी उच्चार अक्षरात बसत नव्हता तिथे अक्षराखाली टिंब. नातू पदवीधर, तेलुगू माध्यमातला. वही त्याने जिवापाड जपली आहे, पण त्याला ती वाचता येत नाही. गोंडी समजते, लिपी येत नाही. मला लिपी येत होती, गोंडी येत नव्हती. म्हणून मी मोठ्याने वाचत गेलो आणि तो ऐकून अर्थ सांगत गेला. पाचव्या पानावर त्याची आजी दारात येऊन उभी राहिली आणि माझे उच्चार दुरुस्त करू लागली.

आणि गोंडांकडे लिपीच नव्हती, हेही आता म्हणता येणार नाही. नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावी एका निराळ्या लिपीतल्या गोंडी पोथ्या सापडल्या आणि हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या उजेडात आणल्या. ती लिपी वाचणारी मोजकी म्हातारी माणसे उरली होती. त्यांच्यामुळे लिपी उलगडली, शाळांत शिकवली जाऊ लागली आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. पोथी होतीच, ती वाचणारी आठवण आणखी एक पिढी उशिरा शोधली असती तर पोथी मुकी राहिली असती.

कधी आठवण एका नावातही टिकते. निर्मळच्या रामजी गोंडाबद्दल थोडक्यात सांगतो. १८५७ नंतरच्या उठावात त्याला आणि त्याच्या साथीदारांना एका वडाला फाशी दिले. लोक त्याला हजार फाशांचा वड म्हणत. हजार हा आकडा मी मोजलेला आकडा म्हणून घेणार नाही. गणनेसाठी तो कुणी सांगितलाच नव्हता. पण फाशी झाली, एकाला झाली नाही, झाडावर झाली आणि सगळ्यांना दिसेल अशी झाली, एवढे त्या एका नावाने दीडशे वर्षे टिकवले. कागदावर त्याच्याबद्दल जे आहे ते याहून फारच तुटपुंजे आहे.

आकड्यांचा प्रश्न खरा कठीण होतो तो इंद्रवेल्लीला, आणि इथे मला सावकाश बोलायचे आहे.

२० एप्रिल १९८१, सोमवार. इंद्रवेल्लीचा बाजारदिवस. गिरिजन रयतू कुली संघमने सभा बोलावली होती. मागण्या त्याच होत्या, १९४० च्याच: बिगर आदिवासींनी बळकावलेल्या जमिनी, वनखात्याचा जाच, सावकारी. सभेची परवानगी नाकारली गेली, पण बाजाराला निघालेली आणि सभेला निघालेली माणसे एकाच वाटेवर होती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारचा आकडा तेरा. मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संघटनांनी साठाच्या घरातला आकडा सांगितला. गावांत बसून ऐकले तर शंभराच्या पुढे जातो.

पुढे तिथे शहिदांचा स्तूप उभा राहिला. तो पाडला गेला. मग सरकारी खर्चाने पुन्हा बांधला गेला. आणि बांधलेल्या स्तूपापाशी जायला मात्र कित्येक वर्षे मनाई होती: २० एप्रिल जवळ आला की जमावबंदी, रस्त्यांवर चौक्या. तेलंगण झाल्यावर हे हळूहळू सैल झाले. २ फेब्रुवारी २०२४ ला मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी स्तूपाला जाहीर अभिवादन केले.

तेरा खरे की साठ की शंभर, यावर मी एका वाक्यात उत्तर देणार नाही, पण एक गोष्ट ठामपणे म्हणेन. परधानाच्या गायनात चुकीचे नाव आले तर समोरचा म्हातारा मान हलवत नाही आणि नाव दुरुस्त होते. इंद्रवेल्लीच्या मृतांना तशी बैठक मिळाली नाही. त्यांची नावे चारचौघांत घेण्याचा दिवसच वर्षानुवर्षे बंद होता. एका गावाने दुसऱ्या गावाला विचारून ताळा करायचा, जखमी होऊन घरी येऊन मेला तो धरायचा की नाही हे ठरवायचे, एकच माणूस दोन नावांनी मोजला गेला असेल तर तो गाळायचा, हे सारे एकत्र बसल्याशिवाय होत नाही. ते होऊ दिले नाही आणि मग गावांचा आकडा फुगवलेला आहे असे म्हटले, हा दुहेरी अन्याय झाला. आठवण सैल राहिली ती तिच्या स्वभावाने नव्हे, जमावबंदीने.

आठवण खरोखर चुकते तेव्हाही ती काही सांगत असते. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावी लुइजी ट्रास्टुली नावाचा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे तिथल्या कामगारांना विचारले तेव्हा अनेकांनी हे मरण १९५३ मधले, मोठ्या कामगारकपातीच्या वेळचे म्हणून सांगितले. पोर्तेल्लीने त्यांची चूक कागदावरून दाखवली आणि मग खरा प्रश्न विचारला: सगळे एकाच दिशेने का चुकले? कारण कामगारांना ते मरण त्यांच्या सर्वांत मोठ्या हारीपाशी ठेवणे अर्थाचे वाटत होते. चौरीचौऱ्याबद्दल शाहिद अमीन यांनी हेच काम आपल्या देशात केले; माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर उभा राहिलेला खटल्याचा कागद आणि आरोपींच्या घरांतली आठवण त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. जोडेघाटची पौर्णिमा उद्या पंचांगाने वा एखाद्या उर्दू कागदाने चूक ठरली, तरी कोजागिरीच का, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर फक्त केरामेरीच्या डोंगरात आहे.

मात्र ही आठवण आता नव्या दाबाखाली आहे, आणि तो दाब कागदाचा नाही. अल्लम राजय्या आणि साहू यांच्या १९८० च्या दशकातल्या तेलुगू कादंबरीने भीमाला डोंगराबाहेर नेले. ते काम मोलाचे होते. त्यांनी गावांत फिरून ऐकले होते. २०२२ च्या ‘आरआरआर’ या चित्रपटाने त्याला जगभर नेले, पण त्यातला भीम दिल्लीला जातो, अल्लुरी सीताराम राजूचा मित्र होतो, वाघाशी झुंजतो. दिग्दर्शकाने ही कल्पना असल्याचे लपवले नाही. तरीही शाळेत भीमावर निबंध लिहिताना मुले चित्रपटातली दृश्ये लिहितात, ज्या शाळेच्या खिडकीतून जोडेघाटचे डोंगर दिसतात त्या शाळेतही. आजीला विचारले तर आजी सांगते, पण विचारायचे कारणच उरत नाही.

ही चर्चा निव्वळ अभ्यासकांची नाही, हे सांगून मी माझ्या मागणीकडे येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. त्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे: सरकारी कागद आहेत, विहिरी-बांध-स्मशान-देवस्थाने आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी उतरवलेले निवेदनही आहे. देशाच्या कायद्याने म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला पुराव्याचा दर्जा दिला आहे. तरीही कचेरीत पहिला प्रश्न येतो तो खासरा पाहणीचा. १९५४-५५ च्या त्या पाहणीत डोंगरातल्या वस्तीचे नाव नसेल तर वृद्धाचे निवेदन फाइलच्या तळाशी जाते. वंशावळ मागितली जाते, पण ती ज्याला मुखोद्गत आहे त्या परधानाला साक्षीला बोलावल्याचे मी कुठे पाहिलेले नाही. कायद्यात जागा आहे. तिथे बसवायला माणूसही आहे.

म्हणून या सभागृहातल्या शिक्षकांना, विशेषतः मराठी शाळांतल्या शिक्षकांना माझे मागणे आहे. परधानांशी बोलायला तुम्हाला दुभाष्या लागत नाही; त्यांची आणि तुमची भाषा एक आहे. पौष अमावास्येआधी केसलापूरच्या वाटेवरच्या गावांतून सुरुवात करा. गायन पूर्ण ध्वनिमुद्रित करा, थांबून झालेला वाद कापू नका, कुणी मान हलवली आणि कुणी हलवली नाही ते लिहा. देवनागरीतल्या वह्या असतील तर नातवाला शेजारी बसवून मोठ्याने वाचा. प्रत त्याच घरी ठेवा. तारीख लिहाल तिथे सांगणाऱ्याने सांगितलेली तिथीही तशीच लिहा, दोन्ही जुळत नसतील तर न जुळणाऱ्या लिहा. आणि इंद्रवेल्लीसाठी गाववार वही करा: मृताचे नाव, सगा, कुळ, गाव, हे कुणी सांगितले, कोणासमोर सांगितले, कोण सहमत झाले नाही. आता तिथे जायला कुणी अडवत नाही. ज्यांनी १९८१ चा तो बाजार डोळ्यांनी पाहिला त्यांतले तेव्हाचे विशीतले आज साठी ओलांडून गेले आहेत, आणि पहिली बैठक याच एप्रिलमध्ये व्हायला हवी.